लाल चाकावरची रेघ

"जरा चाक फिरवता का?" काकूंनी विचारलं.

कॉफीवाल्याने आधी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे आणि शेवटी काकूंकडे. बुधवार होता, दहा वाजले होते, म्हणजे काकू येणारच. गेली दोन वर्षं त्या दर बुधवारी दहाला यायच्या, सगळ्यात लहान पुडी मागायच्या आणि पुडी बांधून होईतो काउंटरवरच्या मोठ्या लाल ग्राइंडरचं चाक एकदा फिरवायला सांगायच्या. चाक फिरायचं, काकू काठावर बोटाचं नख टेकवून उभ्या राहायच्या. एका ठरावीक जागी त्या "बस" म्हणायच्या. मग पुडी पिशवीत टाकून निघून जायच्या. सुरुवातीला कॉफीवाल्याला वाटलं होतं, बाई वजनमापं तपासायला आलेली आहे. तीन बुधवार त्याने पुडीत थोडी जास्तच कॉफी घातली. मग त्याला वाटलं, बाईचं डोकं जरा हललेलं आहे, आणि तो निर्धास्त झाला.

"आज नको काकू," तो म्हणाला. "आज त्याचं माप घेतायत."

तेव्हा काकूंचं लक्ष गेलं. ग्राइंडरच्या पलीकडे एक बाई हातात फीत घेऊन ओणवी झाली होती. केस बारीक कापलेले, गळ्यात चष्मा, कानामागे पेन्सिल. तान्ह्या मुलीला पहिला झगा शिवायचा असावा तशा मायेने ती ग्राइंडरच्या पोटाचा घेर मोजत होती.

तो ग्राइंडर होताच तसा. वर पितळेचं नरसाळं, त्यावर घुमटासारखं पितळी झाकण, खाली गोल लाल पोट, पायाशी दळलेली कॉफी पडायचा लाकडी खण. उजव्या अंगाला जेवायच्या ताटाहून मोठं लाल चाक. त्याच्या काठावरून एक बारीक सोनेरी रेघ फिरलेली. ऊन आलं की ती रेघ आधी उजळायची आणि मग बाकीच्या दुकानात दिवस उजाडायचा. रस्त्यावरून जाणारी माणसं काचेपाशी थबकायची. काही आत यायची. बरीचशी फोटो काढून पुढे जायची आणि आपण कॉफी प्यालो असं समजायची.

खरं तर या ग्राइंडरने चार वर्षांत एक दाणाही दळलेला नव्हता. दळण्याचं काम मागच्या खोलीत एक करडं, चौकोनी, विजेचं यंत्र करायचं. त्याचं रूप एखाद्या सरकारी पत्रासारखं होतं. कामाचं, पण दुसऱ्यांदा बघावंसं न वाटणारं. गिऱ्हाईक आलं की कॉफीवाला पुढे येऊन लाल चाकाला दोन वेढे द्यायचा, पितळी झाकण उघडून आत गंभीरपणे डोकवायचा आणि मग मागे जाऊन पुडी घेऊन यायचा. गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची, हाताने दळलेल्या कॉफीची चवच वेगळी.

"माप कशाला?" काकूंनी विचारलं.

"विकला," कॉफीवाला म्हणाला. "या सजावटवाल्या बाई आहेत. नवा कॅफे सजवतायत. त्याच्या काचेत ठेवणार. वर दिवा सोडणार."

"म्हणजे दळणार नाही?"

"काकू, इथे तरी कुठे दळत होता?" तो खालच्या आवाजात म्हणाला आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं.

सजावटवाल्या बाई सरळ झाल्या. स्वभावाने चांगल्या होत्या. जुन्या वस्तूंवर त्यांचा जीव होता. फक्त त्या जुन्या दिसू नयेत एवढीच त्यांची अट असायची. "सुंदर आहे ना?" त्या काकूंना म्हणाल्या. "आम्ही आणखी सुंदर करणार. सगळा रंग उतरवायचा, नवा चढवायचा. रेघेची तयार पट्टी मिळते, स्टिकरची. चिकटवली की झालं. ही बघा ना, हाताची रेघ आहे, पण कुणीतरी घाण केलीय. इथे."

आणि त्यांनी नेमक्या त्या जागी नख ठेवलं.

काकूंना वाटलं, कुणीतरी न विचारता आपलं कपाट उघडलं.

"केव्हा नेणार?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी."

काकू वळल्या. दारापर्यंत गेल्या. कॉफीवाला मागून ओरडला, "काकू, पुडी राहिली!" त्या परत आल्या, पुडी घेतली, चाकाकडे न बघता बाहेर पडल्या.

*

काकूंचे यजमान ग्राइंडरच्या कारखान्यात रेघा काढायचे. कारखान्यात, गल्लीत, नातेवाइकांत, सगळीकडे त्यांना रेघवाले म्हणत. हा माणूस कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चाकावरची रेघ म्हटलं की त्यांचा तोरा एखाद्या संस्थानिकाचा. कारखान्यात धूळ फार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लाल रंग दिलेली चाकं घरी यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक टेबल होतं, टेबलाला लोखंडी खुंटी ठोकलेली होती, त्या खुंटीवर चाक बसायचं. रेघवाले लांब केसांचा कुंचला सोनेरी रंगात बुडवून काठाला टेकवायचे आणि हात स्थिर धरायचे. चाक फिरवायच्या काकू.

"रेघ ओढायची नसते," रेघवाले म्हणायचे, "रेघ येऊ द्यायची असते. चाक फिरवणारा नीट पाहिजे."

अठ्ठावीस वर्षांत काकूंचं झालेलं कौतुक ते एवढंच. आणि तेही त्यांच्याकडे पाहून नव्हे, चाकं तपासायला येणाऱ्या कारखान्याच्या तपासनिसाकडे पाहून केलेलं.

एका वेढ्याला एक श्वास लागायचा. तेवढ्यात कुणी बोलायचं नाही, हा घरातला कायदा. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण "तुमच्या बहिणीने" इथपर्यंत आलेलं असताना चाक फिरायला लागलं. वेढा पुरा होऊन कुंचला उचलला गेला तेव्हा बहिणीने काय केलं होतं ते दोघांनाही आठवेना. लेक लहानपणी गुडघा फोडून घरी आली तरी दारात तोंड मिटून उभी राहायची. कुंचला वर गेला की मग भोकाड. शेजारणी म्हणायच्या, पोरगी समजूतदार आहे. ती समजूतदार नव्हती. तिला कायदा माहीत होता.

रेघ जिथून सुरू होते तिथेच ती येऊन मिळते. त्या जागेला सांधा म्हणतात. बाकीचे कारागीर सांधा चाकाच्या मुठीखाली लपवायचे. रेघवाल्यांना लपवावा लागत नसे, कारण तो सापडतच नसे. तपासनीस भिंग घेऊन यायचा, चाक उन्हात धरायचा, नख फिरवायचा, हरायचा, आणि चहा पिऊन जायचा. चहाच. त्या घरात कॉफी कुणीच पीत नसे. रेघवाल्यांना तिचा वास आवडायचा नाही आणि काकूंना तिने पित्त व्हायचं. एवढ्या माणसांना कॉफीकडे ओढणारी रेघ चहावर निघत होती.

मग रेघवाल्यांच्या हातातली बशी वाजायला लागली. "बशी वाकडी आहे," ते म्हणाले. काकूंनी बशी बदलली. तीही वाकडी निघाली. तिसरीही. सहा बशा बदलून झाल्यावर काकू त्यांना नुसत्या पेल्यात चहा द्यायला लागल्या, आणि त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. चाकं मात्र बोलायला लागली. एक रेघ काढायची, बिघडायची, ओली असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा काढायची. दोनदा, चारदा, सहादा. घरात दिवसभर टर्पेंटाइनचा वास.

शेवटची चाळीस चाकं आली त्यातलं पहिलं म्हणजे हे दुकानातलं. काकूंनी फिरवायला घेतलं. अर्धा वेढा झाला. रेघ नेहमीसारखी, पाण्यासारखी सरळ येत होती. आणि रेघवाल्यांचा श्वास बदलला.

"धर," ते म्हणाले.

वेढ्याच्या मध्ये बोललेला अठ्ठावीस वर्षांतला तो पहिला शब्द. काकूंनी कुंचला घेतला. रेघवाल्यांनी डाव्या हाताने चाक धरलं आणि फिरवलं. काकूंना काही विचार करायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे रेघ बरी आली. पण दोन सांधे पडले. एक जिथे त्यांनी सोडलं आणि काकूंनी धरलं तिथे, मुंगीएवढा जाड. दुसरा शेवटी. काकूंचा हात फडक्याकडे गेला.

"राहू दे," रेघवाले म्हणाले.

"अहो, दोन सांधे दिसतायत."

"दिसू देत. कुणाला सांगायचं मात्र नाही. बाकीची तूच कर."

बाकीची एकोणचाळीस काकूंनी केली. रेघवाले चाक फिरवायचे. फिरवायचे चांगलं, पण काकूंनी त्यांना तसं सांगितलं नाही. तोपर्यंत तपासनिसाचे डोळेही गेले होते. त्याने भिंग उन्हात धरलं, मान हलवली, चहा घेतला आणि सगळी चाकं पास केली. तीन महिन्यांनी रेघवाले गेले. कारखान्यात शोकसभा झाली. मॅनेजर भावुक होऊन म्हणाले, "शेवटच्या चाळीस चाकांवरही त्यांचा हात तस्साच होता!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. पहिल्या रांगेत काकू आपल्या चपलांकडे बघत बसल्या होत्या.

पुढे कारखाना बंद पडला. घरात राहिली खुंटी आणि कुंचला. चाक एकही नाही. काकू दुकानं धुंडाळायला लागल्या. कित्येक दुकानांत रेघवाल्यांची चाकं सापडली. सांधा नसलेली, अख्खी, देखणी. काकू ती बघायच्या आणि पुढे जायच्या. त्या चाकांवर ते एकटे होते. अठराव्या दुकानात हे सापडलं. या चाकावर दोघं होती, आणि ते नेमके कुठे थांबले ते नखाला कळत होतं.

*

गुरुवारी लेक आली. तिला डोकेदुखीची गोळी हवी होती. तिने वरचं कपाट उघडलं आणि कॉफीच्या शंभरेक पुड्या तिच्या डोक्यावर आल्या.

"आई! हे काय आहे?"

"कॉफी."

"ते कळलं वासावरून. इतकी?"

"साठली."

"तुला पित्त होतं कॉफीने. डॉक्टरांनी चहासुद्धा एकच कप सांगितलाय."

"मी कुठे पिते? मी फक्त आणते."

लेक खाली बसून पुड्या गोळा करायला लागली. एखादी बाई दोन वर्षं कॉफी आणते आणि पीत नाही, याला दोनच कारणं असू शकतात, असं तिचं मत पडलं. "कुणी आहे का तिथे?" तिने शक्य तितक्या उदार मनाने विचारलं.

"कुणी म्हणजे?"

"म्हणजे… दुकानदार वगैरे. मला चालेल, आई. यांनाही चालेल, मी समजावीन."

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की लेकीने पुढच्या दहा पुड्या न बोलता उचलल्या. मग काकू टेबलाशी बसल्या आणि खुंटीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. हाताचं, 'धर'चं, एकोणचाळीस चाकांचं, शुक्रवारचं. लेकीचं तेव्हा लग्न झालेलं होतं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ऐकताना तिच्या हातातल्या पुड्या तशाच राहिल्या.

"मग सांग ना त्या बाईंना," ती शेवटी म्हणाली. "सांग, हे आमच्या बाबांचं आहे, नका रंगवू."

"कसं सांगू? की त्यांचा हात सुटला?"

"त्यात लाज कसली?"

"मला नाही गं. त्यांना होती."

"बाबा आता…" लेक म्हणाली आणि थांबली.

"ते गेले म्हणून त्यांची गोष्ट माझी झाली का?" काकू म्हणाल्या. "ज्याचा सांधा सापडत नाही तो माणूस, असं म्हणायचे लोक. एवढं एकच तर होतं त्यांच्यापाशी. ते मी जाऊन काउंटरवर ठेवू?"

"आणि नाही सांगितलंस तर उद्या खरवडून काढतील सगळं."

"हो ना," काकू म्हणाल्या.

त्या रात्रीचा चहा त्यांनी केला आणि प्यायला विसरल्या. सकाळी पेला जिथल्या तिथे होता.

*

शुक्रवारी दहाला काकू दुकानात गेल्या. बुधवार नसताना त्यांना बघून कॉफीवाल्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सजावटवाल्या बाई ग्राइंडरला जाड कागदात गुंडाळायच्या तयारीत होत्या.

"बाई," काकू म्हणाल्या, "परवा तुम्ही म्हणालात, कुणीतरी घाण केलीय. ती मी केलीय."

आणि एका दमात, वेढा पुरा करावा तसं, त्यांनी सांगून टाकलं. कॉफीवाला पुडीचा दोरा हातात धरून उभा राहिला. दोन वर्षं ज्या नखासाठी आपण चाक फिरवलं ते नख काय वाचत होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. एक गिऱ्हाईक आत आलं, सगळ्यांचे चेहरे बघून उलट्या पावली गेलं.

सजावटवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं. दुर्दैवाने पाण्यापाठोपाठ त्यांना कल्पनाही सुचली.

"मग नाहीच रंगवायचं!" त्या म्हणाल्या. "असंच ठेवू. आणि शेजारी एक छानसं कार्ड. 'अर्धी रेघ त्याची, अर्धी तिची. इथे त्याचा हात थांबला…' असं काहीतरी. बाण पण दाखवू. लोकांना कॉफीबरोबर गोष्ट लागते हल्ली."

"बाण?" काकू म्हणाल्या.

"छोटासा. सोनेरी."

काकू चाकाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे तो कॅफे आला. वरून सोडलेला दिवा, कप हातात घेऊन वाकलेली माणसं, बाणाच्या टोकाशी रेघवाल्यांचा सुटलेला हात. रोज, सकाळी आठ ते रात्री दहा.

"कार्ड नको," त्या म्हणाल्या.

"पण काकू, त्याशिवाय ही चूक तशीच दिसणार. मालकांना सगळं नवंकोरं हवंय. मग मला स्टिकरच लावावा लागेल."

"स्टिकर नको."

"मग करू काय?"

काकूंनी पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "माझा अर्धा मी पुसते आणि पुन्हा काढते. चूक दिसणार नाही."

"आणि त्यांचा?"

"त्यांच्यात चूक कुठेय?"

सजावटवाल्या बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "जमेल तुम्हाला? म्हणजे, रागावू नका, पण तेव्हा जमलं नव्हतं ना?"

"तेव्हा घाईत धरलं होतं," काकू म्हणाल्या. "रविवारपर्यंत द्या. नाही जमलं तर तुमचा स्टिकर लावा, मी बघायला येणार नाही."

कॉफीवाल्याने तोवर मागून पाना आणला होता. कुणी काही म्हणायच्या आत त्याने चाक सोडवलं. "मी पोचवतो घरी," तो म्हणाला. "काकूंना जड व्हायचं." दारात चाक काकूंच्या हातात देताना तो म्हणाला, "काकू, ती कॉफी… मागच्या यंत्रातली असायची हो. कधी सांगितलं नाही."

"माहीत होतं," काकू म्हणाल्या. "चाकाच्या आवाजावरून कळतं. आत दाणा नसला की हलकं फिरतं."

*

चाक खुंटीवर बसलं. इतक्या वर्षांनी खुंटीला वजन मिळालं तशी ती थोडी कुरकुरली, मग गप्प झाली.

काकूंनी काडीला कापूस गुंडाळला, रंग उतरवायच्या उग्र पाण्यात बुडवला आणि स्वतःची रेघ पुसायला घेतली. अर्ध्या वेढ्याला सबंध दुपार लागली. दुसऱ्या टोकाकडून आल्या, हळूहळू, तांदळाएवढी तांदळाएवढी जागा मोकळी करत. शेवटी मुंगीएवढा सांधा उरला. तिथे त्यांनी काडी बदलली, चष्मा पुसला, आणि तो सांधाही काढला.

आता अर्ध्या चाकावर रेघ होती आणि अर्ध्यावर नुसता लाल. रेघ जिथे थांबली होती ती जागा आता सांधा नव्हती. तो नुसता शेवट होता. इतका उघडा शेवट काकूंनी पूर्वी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी लगेच कुंचला टेकवला होता ना. लाल रंग जिथे उडाला होता तिथे त्यांनी लाल रंगाचाच हलका हात दिला आणि चाक वाळायला ठेवलं. शनिवारभर येताजाता तो शेवट दिसत राहिला. त्यांनी चाकावर टॉवेल टाकला. थोड्या वेळाने काढला.

रविवारी लेक आली. न विचारता टेबलाच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि चाकावर हात ठेवला.

"तू फिरवणार?" काकूंनी विचारलं.

"मग काय एकटी करणारेस? जन्मभर बघितलंय मी दारातून."

"दारातून बघून येत नसतं. सावकाश. मध्ये थांबायचं नाही. आणि बोलायचं…"

"माहितीये गं."

काकूंनी कुंचला रंगात बुडवला, बशीच्या काठावर निथळला. बशी वाकडी नव्हती. त्यांच्या एकदम मनात आलं, एवढीशी खूण ठेवावी. नखाला कळेल इतकीच. सजावटवाल्या बाईंना दिसणार नाही, मालकांना दिसणार नाही, तपासनीस तर आता राहिलाच नव्हता. कुंचला केसभर जास्त टेकवला की झालं. मग कॅफेत जाऊन, चाकावर नख टेकवून, आपल्याला तरी कळेल कुठे ते. कोण बघणार होतं?

मग त्यांना रेघवाल्यांचा चेहरा आठवला. तपासनीस हरून चहाकडे वळायचा तेव्हाचा. तेव्हा ते हसायचे नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघायचे.

काकूंनी श्वास घेतला आणि त्यांच्या शेवटावर आपला कुंचला टेकवला.

"फिरव."

चाक फिरलं. लेकीचा हात बापाचा होता. चाक थबकलं नाही की पळालं नाही. काकूंनी रेघ ओढली नाही, येऊ दिली. खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते, कुणाचं तरी दार वाजलं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. सोनेरी रंग लाल काठावरून चालत रेघवाल्यांच्या सुरुवातीपाशी आला आणि तिच्यात शिरला. काकूंनी कुंचला उचलला.

कायद्याप्रमाणे आता बोलायला हरकत नव्हती. तरी लेक बोलली नाही. ती वाकून बघत होती. चाक उन्हात तिरपं करून बघितलं, सरळ करून बघितलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबांचं कुठे संपतं?"

"इथे ना," काकू म्हणाल्या आणि बोट पुढे केलं.

बोट तिथेच राहिलं. रंग ओला होता, टेकवता येत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला. मग काढून पदराने पुसून पुन्हा लावला. तोंड चाकाजवळ नेलं. रेघ होती. सगळीकडे सारखी होती, सगळीकडे तितकीच बारीक आणि तितकीच सोनेरी.

"थोडं फिरव," त्या म्हणाल्या.

लेकीने फिरवलं. काकूंनी बोट रेघेच्या केसभर वर स्थिर धरलं, दर बुधवारी धरायच्या तसं. खालून चाक जात राहिलं. मूठ आली, गेली. खिडकीचं ऊन आलं, गेलं. वेढा पुरा झाला. त्या "बस" म्हणाल्या नाहीत.

"अजून एकदा," काकू म्हणाल्या.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाक फिरवलं.